पाठमोरी खुर्ची

९ जानेवारी

अहो,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नका. कोणी आजारी नाही, कोणी पडलेलं नाही, घर जागेवर आहे. तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि लेक म्हणते, "आई, तुमच्या दोघांमधली टपालवाली व्हायचा मला कंटाळा आलाय," म्हणून खऱ्या टपालवाल्याला कामाला लावलं. भाऊजींच्या घराचा पत्ताही तिच्याकडूनच काढला. ते मुलाकडे राहायला गेल्यापासून बंदच होतं ना ते घर? खिडक्या उघडताना जपून. एखादी पाल असायची, आणि तुम्ही घर डोक्यावर घ्याल.

पत्राचं कारण एकच. पक्कड कुठे ठेवलीत? भोंग्यानं पिंजऱ्याची कडी पुन्हा वाकवली आहे. भोंगा म्हणजे तोच निळा-पिवळा मकाव पोपट, ज्याला तुमची खोली मिळाली आणि तुम्हाला राग आला. अहो, आपल्या आसऱ्याला कोणी टाकलेला नवा पक्षी आला की त्याला काही आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवावंच लागतं, नाहीतर एकाचं आजारपण सगळ्यांना लागतं. आणि नीट दार लागणारी खोली या घरात तुमचीच आहे. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. फक्त तुमचे शब्दकोश माळ्यावर चढवल्यानंतर सांगितलं, एवढाच काय तो क्रम चुकला.

"या घरात एकतर पोपट राहतील नाहीतर मी," असं तुम्ही म्हणालात आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बॅग काढलीत. मी गप्प होते कारण मी विचार करत होते. पोपटांना रिकामं घर असलेला भाऊ नसतो, एवढंच माझ्या मनात आलं होतं, आणि तेसुद्धा मी बोलले नव्हते.

बाकी इथलं सगळं रोजच्यासारखं. उठल्यावर एकेकाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर बसवून वजन, मग गाजर आणि भोपळा चिरायचा, मिरच्या वाटायच्या (वाटायच्या म्हणजे वाटून द्यायच्या, मिक्सरमध्ये नव्हे), पाण्याची भांडी घासायची, पिंजऱ्याखालचे कागद बदलायचे. कागदाचा आता खरा प्रश्न झाला आहे. तुम्ही गेल्यावर मी पेपर बंद केला, आणि येणारा पेपर बंद केल्यावर पिंजऱ्याखाली घालायला पेपर उरत नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. पुन्हा सुरू केला आहे. आता तो न वाचताच पिंजऱ्याखाली जातो. पहिलं पान भोंग्याला, अग्रलेख जावयाला. तुम्ही असतात तर तुमच्या अंगाचा तिळपापड झाला असता.

जावई मजेत आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. नऊ वर्षं तुम्ही दोघांनी एकमेकांना पाण्यात पाहिलं, पण शेवटी घरातला सगळ्यात जुना पक्षी आहे. तसाच करडा कोट घालून, छाती फुगवून बसतो आणि समोर वाटी आली की आधी तिच्यात खोट काढतो. नाव तुम्हीच ठेवलं होतंत, आणि बरोब्बर ठेवलं होतंत.

पक्कड कळवा. कळवण्यासारखं एवढंच.

मी


२४ जानेवारी

अहो,

पक्कड सापडली. ती तुम्ही जिथे ठेवायला सांगता तिथेच होती, म्हणून मी तिथे शोधली नव्हती.

तुमचं उत्तर नाही. हरकत नाही. मला लिहायला बरं वाटतंय, कारण या घरात माझं बोलणं पूर्ण होऊ देणारं कोणी नाही. काल मी लेकीशी फोनवर बोलत होते तर मावशी, आपली काकाकुवा, इतक्या मोठ्यानं हुंदके द्यायला लागली की लेक म्हणाली, "आई, कोण रडतंय? खरं सांग." तिला किती समजावलं. ही त्या म्हातारीची नक्कल आहे, जिच्याकडे मावशी आधी होती, आणि ती म्हातारीसुद्धा दुःखानं नाही, टीव्हीवरच्या मालिका बघून रडायची. लेकीला काही पटलं नाही.

शिटीचं तुम्हाला ठाऊक आहेच. तो हिरवा पोपट अजून कुकरच्या शिट्ट्या मारतो, आणि मी अजून फसते. तीन शिट्ट्या झाल्या म्हणून गॅस बंद केला, झाकण उघडलं तर बटाटे दगडासारखे. एक शिटी कुकरची होती, बाकीच्या त्याच्या. आता शिट्ट्या होत असताना मी त्याच्या समोर उभी राहून त्याच्या चोचीवर डोळा ठेवते.

एक नवीन जोडपं येऊ लागलं आहे. नाक्यावरचे न्हावी आणि त्यांची बायको. न्हाव्याला दुकानात बोलका पोपट हवा आहे. "गिऱ्हाईक खूश होईल, बाई," म्हणे. मी म्हटलं, "गिऱ्हाईक खूश होईल हो, पण पोपट झाला पाहिजे ना." मग त्यांना आपला नियम सांगितला. इथे माणूस पक्षी निवडत नाही, पक्षी माणूस निवडतो. रोज ठरल्या वेळी यायचं, एकाच जागी बसायचं, पक्ष्याकडे पाठ करायची आणि काहीतरी मोठ्यानं वाचायचं. वळून बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, लाडीगोडी नाही. पोपटाला टक लावून बघणारं प्राणी म्हणजे खाणारं प्राणी. पाठ दिसली की त्याला कळतं, या माणसाला आपल्याकडून काही नको आहे. मग तोच एक दिवस खांद्यावर येतो. कोण येईल हे आपल्या हातात नाही, आणि एकदा आला की मी त्या पक्ष्याला थांबवत नाही, मग माझा कितीही लाडका असो.

न्हावी म्हणाला, "वाचायचं काय?" मी म्हटलं, "काहीही." तो केस कापण्याचे दर वाचून दाखवतो.

हो, आणि व्हरांड्यात सकाळी कुठेतरी टकटक होते. नेमकी दोनदा, मग थांबते, मग पुन्हा दोनदा. लाकडाला कीड लागली असावी म्हणून सुताराला बोलावलं. तो सगळे वासे ठोकून बघून गेला. कीड नाही म्हणतो. मग काय आहे, तर ते त्यालाही ठाऊक नाही.

जावई मजेत. थोडा कमी खातो, पण हवा बदलली की होतं असं. एरवी मजेत आहे.

मी


६ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पाकीट मिळालं.

आधी वाटलं टपाल चुकून परत आलं. उघडलं तर माझंच पत्र, आणि त्यावर तुमचं लाल पेन. अहो, निवृत्त झालात ना? जन्मभर छापखान्यात लोकांच्या चुका काढल्यात, आता बायकोच्या पत्राची मुद्रितं तपासायला घेतलीत. माझे सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत, "खाणारं प्राणी" खोडून "खाणारा प्राणी" केलंत, आणि तुमचा स्वतःचा एक शब्द म्हणून त्यात नाही. मी ते पत्र हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मला इतकं हसू आलं की मावशी रडायची थांबली. किती बरं वाटलं म्हणून सांगू. माणूस वाचतोय तर. नुसतं वाचत नाही, दोनदा वाचतोय, कारण एका वाचनात तुम्ही कधी समासातली रेघ ओढत नाही.

पण शेवटच्या ओळीत तुम्ही जे केलंत, ते मात्र मी दिव्याखाली नेऊन पुन्हा बघितलं. "मजेत" या शब्दाखाली रेघ, आणि समासात एक प्रश्नचिन्ह. दुसऱ्या "मजेत"खालीही तेच. त्या शब्दात ऱ्हस्व-दीर्घाची काही चूक नाही. म्हणजे तुम्हाला कळलं.

तर खरं सांगते. जावई मजेत नाही. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात त्यानं स्वतःची पिसं उपटायला सुरुवात केली. आधी पंखाखाली, म्हणून मला दिसलं नाही. आता छाती उघडी पडली आहे. कोट काढून बनियनवर बसल्यासारखा दिसतो. वजन रोज उतरतं आहे. मिरचीला तोंड लावत नाही, सूर्यफुलाच्या बिया हातातून दिल्या तर घेतो आणि माझ्याकडे बघत खाली टाकतो.

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. रक्त, पोट, कातडी, सगळं ठीक. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "घरात काही बदल झालाय का? पिंजऱ्याची जागा, खाणं, एखादं माणूस?" मी म्हटलं, "नाही, काही नाही." पोपटाच्या आजारपणात नवरा रुसून गेल्याचं कुठे बसवणार? त्या म्हणाल्या, "काहीतरी असणार. शोधा. असंच वजन उतरत राहिलं तर तो टिकणार नाही."

तुम्हाला लिहिलं नाही कारण म्हणाल, सुंठीवाचून खोकला गेला. नाही, तुम्ही असं म्हणणार नाही. तुम्ही चुका काढता, पण दुष्ट नाही आहात. लिहिलं नाही कारण लिहिलं की खरं होतं. तो माझा पहिला पक्षी आहे, आणि माझा जीव टांगणीला लागला आहे.

लाल पेन चालू ठेवा.

मी


१५ फेब्रुवारी

अहो,

बसला आहात का? नसाल तर बसा.

परवा शेजारचे वकील कुंपणाशी आले. मला वाटलं, भोंग्याबद्दल तक्रार. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तर ते घुटमळत म्हणाले, "वहिनी, साहेब गावाला गेलेत का? नाही, म्हणजे सकाळचं वाचन ऐकू येत नाही." मी म्हटलं, "तुम्हाला त्याचा त्रास होत होता का?" तर म्हणाले, "त्रास? अहो, मी त्यांच्या भरवशावर पेपर बंद केलाय. सकाळी दाढी करताना सगळ्या बातम्या फुकटात मिळायच्या. आता मला जगात काय चाललंय काही पत्ता नाही." वकील असून बातम्या कुंपणापलीकडून घेत होते, बघा. मी हसले आणि विसरले.

आज सकाळी न्हाव्याची बायको आली. नवरा दुकानात अडकला होता म्हणून एकटीच. बाई बोलायला कमी, पण नजर फार बारीक. मी तिला व्हरांड्यात नेलं आणि म्हटलं, "तुमच्या यजमानांची घाई होते, तुम्ही नीट समजून घ्या. एकच जागा हवी. एकच वेळ हवी. पक्ष्याकडे पाठ. मोठ्यानं वाचन. आणि त्याच्याकडे जराही लक्ष द्यायचं नाही, तो असला काय आणि नसला काय, असं वागायचं."

ती तुमच्या वेताच्या खुर्चीकडे बघत होती. म्हणाली, "इथे कोण बसायचं?"

मी म्हटलं, "आमचे हे. पेपर वाचायला."

"मोठ्यानं?"

"हो. छापखान्यातली सवय."

"रोज? याच वेळी?"

मी हो म्हणता म्हणता खुर्चीकडे बघितलं. खुर्चीची पाठ जावयाच्या पिंजऱ्याकडे आहे. आणि जावई पिंजऱ्यातून बाहेर येऊन त्या खुर्चीच्या पाठीवर बसला होता, तुमचं डोकं जिथे असतं त्याच्या जरा मागे. त्यानं मान खाली घातली आणि चोचीनं वेतावर टकटक केलं. दोनदा. जशी तुम्ही पेपरात चूक सापडली की खुर्चीच्या हातावर पेन्सिल आपटायचात.

अहो, लाकडाला कीड नव्हती. इतकी वर्षं मी आतून ती टकटक ऐकत आले आणि मला वाटायचं तुम्ही एकटेच करता. तुम्ही दोघं मिळून करत होतात.

मी त्याच खुर्चीत बसले. आठवून बघा. तो आला तेव्हा कोणा बाप्यानं त्याचा पिंजरा काठीनं बडवलेला होता, पुरुष समोर दिसला की तो थरथर कापायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं तुमच्या बोटातून रक्त काढलं, आणि तुम्ही म्हणालात, "या पाहुण्याचं तोंड मला बघायचं नाही," आणि खुर्ची उलटी फिरवलीत. त्यानंतर तुम्ही एकदाही त्याच्याकडे बघितलं नाहीत. रोज तीच जागा, तीच वेळ, पाठ त्याच्याकडे, आणि मोठ्यानं वाचन. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला जो नियम शिकवते तो तुम्ही नऊ वर्षं पाळलात, आणि तोही रागानं. आणि मी, जिला लोक पोपटांबद्दल विचारायला लांबून येतात, रोज चहाचा कप तुमच्या हातात देताना ते बघत होते आणि मला दिसलं नाही. मला वाटायचं हे दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

तुम्ही त्याचं माणूस आहात. त्यानं तुम्हाला कधीच निवडलं होतं. त्याची पिसं तुमच्यासाठी गळताहेत.

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून नवऱ्याचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "बाई, मी एखादं माणूस असं स्पष्ट विचारलं होतं."

मी पेपर वाचून बघितला. तुमच्या खुर्चीत, तुमच्या वेळी, तुमचा चष्मा नाही म्हणून माझा लावून. त्यानं दुसऱ्याच वाक्याला टकटक केलं. मी कुठे चुकले कोण जाणे. मग पिंजऱ्यात गेला आणि तोंड भिंतीकडे करून बसला.

मी तुम्हाला या म्हणत नाही. तुम्ही काय म्हणून गेलात ते मला आठवतं. पण तुम्हाला हे कळायला हवं होतं.

मी


२५ फेब्रुवारी

अहो,

तुमचं कार्ड मिळालं. दोन शब्द. "वजन कळवा." सबंध कार्डावर दुसरं काही नाही, आणि मी ते फ्रीजवर लावलं आहे.

वजन त्या दिवशी सगळ्यात खाली गेलं होतं. मी आकडा लेकीकरवी पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. तुमचं नाव बघून माझ्या हातातला चमचा पडला. मी हॅलो म्हणायच्या आत तुम्ही म्हणालात, "फोन खुर्चीवर ठेव." बास. मी ठेवला. आणि तुम्ही वाचायला लागलात.

त्याचं काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही म्हणून सांगते. पहिल्या वाक्याला त्यानं मान वाकडी केली. दुसऱ्याला खुर्चीच्या पाठीवर आला. मग खाली उतरून फोनच्या मागे बघितलं, तुम्ही तिथे लपलात की काय म्हणून. तुम्ही नाही म्हटल्यावर इतका संतापला की फोनला चावला. ते "खर्र" झालं ते तुमच्या कानाशी आलं असेल. काचेला ओरखडा आहे, असू दे. मग तुम्ही तिकडे पेन्सिल आपटलीत, कुठल्यातरी मथळ्यात चूक होती म्हणे, आणि त्यानं इकडे चोच आपटली. कुंपणापलीकडे वकील दाढीचा साबण तोंडाला लावून उभे होते. त्यांनी टाळी वाजवली.

त्या दिवशी त्यानं अख्खी मिरची खाल्ली. वाटीत खोटही काढली. माझ्या जिवात जीव आला.

तेव्हापासून रोज फोन येतो, रोज वाचन होतं, आणि वजन हळूहळू वर येतं आहे. मी आत मटार सोलत बसते. माझ्याशी तुम्ही बोलत नाही, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पेपर नीट ऐकते आहे. तुमचा आवाज चांगला आहे. हे मी तुम्हाला पूर्वी कधी सांगितलं होतं का? घरात असताना तो मला पंख्यासारखा वाटायचा, चालू आहे एवढंच. बंद पडल्यावर कळलं.

आणि काल तुम्ही हवामान वाचून संपवलंत आणि फोन ठेवायच्या आधी जावयाला विचारलंत, "तिचा गुडघा कसा आहे?" जावयाला ते ठाऊक नव्हतं. मी आतून सांगणार होते, पण मटार बाजूला ठेवेपर्यंत तुम्ही फोन ठेवून दिलात. गुडघा बरा आहे. जिने उतरताना दुखतो.

न्हाव्याचं ऐका. त्याला शिटी हवा होता. त्याच्यासाठी महिनाभर दर वाचून वाचून त्याचा घसा बसला, आणि शिटीनं ढुंकूनही बघितलं नाही. परवा बायको त्याची वाट बघत बाकावर पाठमोरी बसली होती, सवयीनं किराणा सामानाची पिशवी उघडून पाकिटांवरचं वाचत होती, आणि रडकी मावशी उडत येऊन तिच्या डोक्यावर बसली. न्हाव्यानं हात टेकले. आता म्हणतो, "बाई, दुकानात रडणारा पक्षी ठेवला तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" बायको म्हणाली, "म्हणेल, केस फार कापले." या बाईचं माझ्याशी जमणार असं दिसतंय.

मी


११ मार्च

अहो,

डॉक्टरीणबाई काल येऊन गेल्या. वजन चांगलं आहे. पण छातीवर नवी कोवळी पिसं आली की जावई ती काढतो. सकाळी वाचन असेपर्यंत गप्प असतो, फोन बंद झाला की सुरू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आवाज म्हणजे अर्धं औषध झालं. त्याला पाठ हवी आहे." मी त्यांना चहा दिला आणि रात्रभर नियमाचा विचार केला.

नियम माझाच आहे. पक्ष्यानं माणूस निवडलं की मी पक्ष्याला थांबवत नाही. तोंडानं सांगायला सोपा आहे. इतक्या लोकांना दारात उभं राहून सांगितला, आणि वाटायचं यात अवघड काय आहे. आज जावयाला काट्यावर बसवलं तर त्यानं आपणहून माझ्या मनगटावर डोकं घासलं, आणि तो नियम ज्या बाईनं केला तिचा मला फार राग आला.

तर ऐका. जावई तुमच्याकडे येतो आहे. कायमचा. तुम्ही "मला पोपट नको" म्हणणार, हे मी धरून चालले आहे. ज्यांना पोपट निवडतो ती सगळी माणसं असंच म्हणतात. तुम्ही तर नऊ वर्षं म्हणत आलात.

मात्र आमच्या आसऱ्याची पद्धत अशी, की पक्षी द्यायच्या आधी घराची तपासणी होते. खिडक्यांना जाळी आहे का, स्वयंपाकघराचा धूर खोलीत येतो का, पंखा उघडा आहे का, घरातलं माणूस जेवतं का नीट. ही तपासणी मी करते, दुसऱ्या कोणाला देत नाही. म्हणून येत्या गुरुवारी दुपारच्या गाडीनं जावई आणि मी येतो आहोत. त्याच्या प्रवासाच्या पिंजऱ्यावर तुमचा जुना राखाडी स्वेटर घालणार आहे, म्हणजे त्याला वास येईल. स्वेटरला आता भोकं आहेत, आल्यावर चिडू नका.

माझ्यामागे इथलं न्हाव्याची बायको बघेल. मावशीला घेऊन ती इथेच राहायला येते आहे. शिटीच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत, हे तिला बजावलं आहे. भोंग्याचे वेगळं राहायचे आठवडे संपले, त्याला व्हरांड्यात मोठा पिंजरा केला. तुमची खोली मोकळी आहे. तुमचे शब्दकोश मी माळ्यावरून उतरवून पुसून पुन्हा फळीवर लावलेत, आधी होते तसेच, जाडे खाली आणि बारके वर. हे कशासाठी सांगितलं असं विचारू नका. कळवण्यासारखं होतं म्हणून कळवलं.

तपासणी किती चालेल हे घर बघून ठरवू. काही घरांना एक दुपार पुरते, काहींना जास्त दिवस लागतात.

तुम्ही स्टेशनवर यायला नको, बोलायला नको, माझ्याकडे बघायलाही नको. तुम्ही रागावला आहात ते मला ठाऊक आहे, आणि मला तुमची फार आठवण येते तेही आता लपवत नाही. फक्त दोन खुर्च्या ठेवा, एकमेकींकडे पाठ करून. एकीत तुम्ही बसा. जावई आपली जागा बरोबर शोधेल. दुसरीत मी बसेन, माझी पाठ तुमच्याकडे, आणि पेपर मोठ्यानं वाचेन. मी वळून बघणार नाही. हात पुढे करणार नाही. रोज तीच वेळ, तीच जागा. मला घाई नाही.

वाचताना मी पुष्कळ चुकेन. चुकले की खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक करा. तुम्ही ऐकताय एवढं मला तेवढ्यानं कळेल.

मी